सोलापुरातून आयटी कंपनीचा इंटरव्ह्यू देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरची. इंजिनिअरिंग इथेच केलं. सात वर्षं बॅकएंड डेव्हलपर आहे, म्हणजे वेबसाइट-ॲपच्या मागे सर्व्हरवर चालणारा कोड लिहिते. आधीची काही वर्षं पुण्यात काढली, आता जुळे सोलापूर भागात घरून काम करते. मध्यंतरी पुण्यातल्या एका कंपनीने अकरा आठवड्यांत माझे सात राऊंड घेतले आणि शेवटी हो किंवा नाही, काहीच कळवलं नाही. ही गोष्ट ओळखीत पसरली. तेव्हापासून कॉलेजची पोरं, मावशीच्या सोसायटीतल्या मुली, जुने मित्र, सगळे मला तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. यातलं बरंच मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या अकरा आठवड्यांतले निदान सहा वाचले असते.

ताई, इतके राऊंड असतात तरी कशासाठी?

खरं कारण असं की चुकीचा माणूस घेतल्याचं खापर कुणालाच आपल्या डोक्यावर नको असतं. मग मॅनेजर म्हणतो टीम लीडने बघावं, टीम लीड म्हणतो आर्किटेक्टने बघावं, आर्किटेक्ट म्हणतो डायरेक्टरची सही हवी. प्रत्येक सहीचा एक राऊंड होतो. दुसरं म्हणजे आपल्याकडे नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. घेतलेला माणूस चुकला तर पुढचा येईपर्यंत तीन महिने जातात, त्यामुळे कंपन्या घाबरून असतात. आणि तिसरं, हे कुणी तोंडावर सांगत नाही, कधी कधी जागा मंजूरच नसते. बजेट येईल तेव्हा येईल, तोवर चार उमेदवार हाताशी असू देत, एवढाच हेतू असतो.

राऊंड वाढवले म्हणजे निवड चांगली होते असंही नाही. गूगलने स्वतःच्या भरतीचा हिशोब मांडला, तेव्हा चार मुलाखतींनंतर निर्णयात फारशी भर पडत नाही असं त्यांना दिसलं. मुलाखतीत कोडी घालण्याचा काही उपयोग होत नाही, हे त्यांचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्झलो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. तरी आपल्याकडे अजून 'मुंबईत पेट्रोल पंप किती असतील' असं विचारणारे भेटतात.

तुमच्या बाबतीत नेमकं काय झालं?

नोव्हेंबरच्या शेवटी रिक्रूटरचा फोन आला. मुलगी बोलायला छान होती. 'दोन-तीन राऊंडचं काम आहे, आठवड्याभरात संपवू,' म्हणाली. मी विश्वास ठेवला आणि पुढचं काही विचारलं नाही.

डिसेंबरात नव्वद मिनिटांची ऑनलाइन कोडिंग टेस्ट झाली. मग टेक्निकल राऊंड. तो दोनदा ऐन वेळी पुढे ढकलला, एकदा तर मी कॅमेरा लावून बसल्यावर वीस मिनिटांनी. जानेवारीच्या मध्याला असाइनमेंट आली: चार दिवसांत पेमेंटची एक छोटी सर्व्हिस लिहून, टेस्टसकट पाठवायची. त्याच आठवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा. सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. आमच्या घरातून दरवर्षी सगळे जातात. पांढरी बाराबंदी घालून पप्पा सकाळीच निघाले, आई दारात थांबली, म्हणाली, 'दोन तास तरी चल.' मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. लहानपणापासून एकही अक्षता सोहळा चुकला नव्हता, तो त्या वर्षी चुकला.

असाइनमेंटवर चर्चेचा राऊंड झाला, त्यातच सिस्टिम डिझाइन, म्हणजे मोठी यंत्रणा कशी उभारायची याचे प्रश्न, घेतलं. तो बरा झाला, समोरचा माणूस जाणकार होता आणि माझा कोड त्याने खरंच वाचला होता. फेब्रुवारीत 'मॅनेजरना प्रत्यक्ष भेटायचं आहे' म्हणून पुण्याला बोलावलं. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. पुणे स्टेशनवरून हिंजवडीला पोचेपर्यंत सव्वाबारा झाले. वेळ साडेबाराची होती. गळ्यात व्हिजिटरचा पास घालून रिसेप्शनच्या सोफ्यावर बसले. दीड वाजला, दोन वाजले. समोरच्या काचेच्या दारातून माणसं कार्ड लावून आत-बाहेर करत होती, प्रत्येक वेळी दार उघडलं की मी सावरून बसायची. बॅगेत आईने दिलेली भाकरी आणि शेंगा चटणी होती, पण आता बोलावतील, मग बोलावतील, म्हणून डबा उघडला नाही. दोन चाळीसला मॅनेजर आले. उशिराबद्दल एक शब्द नाही. माझा रेझ्युमे त्यांनी माझ्यासमोरच पहिल्यांदा उघडला आणि तिसऱ्या राऊंडमध्ये विचारलेले प्रश्न जसेच्या तसे विचारले. पंचवीस मिनिटांत संपलं. डबा मी परतीच्या गाडीत, दौंड गेल्यावर खाल्ला.

सातवा राऊंड अमेरिकेतल्या डायरेक्टरबरोबर, रात्री साडेदहाला. 'दोन दिवसांत कळवतो.' त्यानंतर काही नाही. पोर्टलवर माझ्या नावापुढे 'अंडर रिव्ह्यू' लिहिलेलं राहिलं. मी तीन मेल केले. तिसरा परत आला, कारण त्या रिक्रूटरने कंपनी सोडली होती.

मग पहिल्याच फोनवर काय विचारायचं?

तीन गोष्टी. एकूण राऊंड किती आणि प्रत्येकात काय बघणार? शेवटचा निर्णय कुणाचा? आणि या जागेचं बजेट मंजूर आहे का, माणूस कधीपर्यंत हवा आहे? पगाराची रेंजही त्याच फोनवर विचारा. 'ते शेवटी बोलू' असं म्हणाले तर 'ढोबळ आकडा सांगा, म्हणजे दोघांचाही वेळ वाचेल' एवढंच म्हणा. यात उद्धटपणा काही नाही. आपण साडीच्या दुकानातसुद्धा घडी उलगडायच्या आधी भाव विचारतो.

फोन संपला की अर्ध्या तासात मेल करा: आपलं बोलणं झालं, त्याप्रमाणे चार राऊंड, त्यातला एक प्रत्यक्ष, अमुक तारखेपर्यंत निकाल, बरोबर ना? पुढे पाचवा राऊंड निघाला तर तो मेल दाखवता येतो. चांगली रिक्रूटर या मेलवर लगेच 'हो' म्हणून कळवते. जी कळवत नाही तिलाही बहुधा आतून कुणी काही सांगितलेलं नसतं. तिच्यावर राग धरू नका, पण तेवढ्यावरून अंदाज बांधा.

माझ्या मते साध्या डेव्हलपरच्या जागेसाठी पाचाच्या वर राऊंड असतील तर सरळ कारण विचारावं.

ऑनलाइन टेस्ट चालू असताना लाईट गेली तर?

जाणारच, असं धरून तयारी करा. लॅपटॉप पूर्ण चार्ज, वायफायच्या राउटरला छोटा यूपीएस, आणि फोनचा हॉटस्पॉट आधीच एकदा जोडून पाहिलेला. एप्रिल-मे महिन्यात दुपारची वेळ घेऊच नका. चाळीस-बेचाळीस डिग्रीत पंखा बंद पडला की डोकं चालत नाही. सकाळी आठची वेळ मागा, बहुतेक जण देतात.

तरीही तुटलंच तर वेळेसकट स्क्रीनचा फोटो काढा आणि लगेच, त्याच मिनिटाला, टेस्ट घेणाऱ्यांना मेल करा. दुसऱ्या दिवशी सांगितलेलं कारण बहाणा वाटतं. बऱ्याच टेस्टमध्ये कॅमेरा चालू असतो आणि टॅब बदलला की नोंद होते, तेव्हा हॉटस्पॉट जोडायला उठावं लागलं तर तेही मेलमध्ये लिहा.

आणि पाण्याचा दिवस बघा. हे पुण्यातल्या माणसाला कळणार नाही, पण आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि त्या वेळी सगळ्या गल्लीत मोटारी सुरू होतात. माझ्या टेक्निकल राऊंडला खालच्या काकूंची मोटार अर्धा तास चालू होती. त्यांना तरी कसं थांबवणार!

लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवली म्हणजे काम येतं हे कसं काय सिद्ध होतं?

होत नाही. लिंक्ड लिस्ट म्हणजे साखळीसारखी एकापुढे एक जोडलेली माहिती. सात वर्षांत मला कामासाठी ती एकदाही उलटी करावी लागली नाही. होमब्रू नावाचं सॉफ्टवेअर जगभरचे प्रोग्रामर वापरतात. ते लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेल यांना गूगलने घेतलं नाही. फळ्यावर बायनरी ट्री (फांद्यांसारखी मांडलेली माहिती) उलटं करता आलं नाही म्हणून नाकारलं, असं त्यांनी २०१५ मध्ये उघडपणे लिहिलं आणि त्यावरून मोठा वाद झाला.

यातली एक गोष्ट मुलींनी मुद्दाम वाचावी. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना एकच प्रकारचा प्रश्न दिला. निम्म्यांनी तो परीक्षकासमोर फळ्यावर बोलत बोलत सोडवला, निम्म्यांनी खोलीत एकटं बसून. समोर माणूस असलेल्यांची कामगिरी निम्म्यावर आली. त्यातही समोर माणूस असलेल्या गटातली एकही मुलगी उत्तीर्ण झाली नाही आणि एकट्या बसलेल्या सगळ्या झाल्या. संख्या लहान आहे, त्यावरून जगाचा नियम काढता येणार नाही. पण मी ते वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की मलाच येत नाही.

तरी तयारी करावीच लागते, कारण प्रश्न तेच येतात. ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, ट्री, ग्राफ आणि थोडं डायनॅमिक प्रोग्रामिंग. रोज दोन प्रश्न, पण एक तरी कुणासमोर मोठ्याने बोलत सोडवा. घरात कोडिंग कळणारं कुणी नसलं तरी चालेल. मी आईला समोर बसवायची. ती मेथी निवडत बसायची आणि मी तिला सांगायची की हे बिग ओ ऑफ एन लॉग एन का आहे. समजत काही नव्हतं तिला, पण मी मध्येच गप्प झाले की म्हणायची, 'पुढं?' मुलाखत घेणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं.

घरी करायला दिलेली असाइनमेंट फुकट करायची का?

तीन-चार तासांची असेल तर करा. मला तर ती फळ्यासमोरच्या प्रश्नांपेक्षा बरी वाटते, निदान खऱ्या कामासारखी असते. चार दिवसांची असेल तर आधी दोन प्रश्न विचारा: ही कोण तपासणार, आणि त्यावर माझ्याशी चर्चा होणार का? दोन्हींची सरळ उत्तरं नसतील तर 'मी चार तास देऊ शकते, तेवढ्यात जेवढं होईल तेवढं व्यवस्थित करून पाठवते, राहिलेलं कसं केलं असतं ते लिहून देते,' असं सांगा. मी नंतर एका कंपनीला हेच सांगितलं, त्यांनी आनंदाने मान्य केलं.

कंपनीच्या चालू प्रॉडक्टमधला खरा बग सोडवायला दिला, किंवा त्यांच्या ग्राहकाचं नाव असलेलं स्क्रीन बनवायला सांगितलं, तर ती परीक्षा नाही, ते काम आहे. त्याचे पैसे मागा. कोड स्वतःच्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड साठवायच्या ऑनलाइन खात्यात ठेवा, तारखांसकट.

पुण्याला बोलावलं तर जावं का? खर्च कोण देणार?

शेवटचा किंवा शेवटून दुसरा राऊंड असेल तर जावं. पहिल्याच ओळखीच्या बोलण्यासाठी बोलावत असतील तर व्हिडिओ कॉल मागा. पुणं इथून अडीचशे किलोमीटर. हुतात्माने चार तास जायला, चार तास यायला, त्यात पुण्याच्या ट्रॅफिकचे दोन-तीन. म्हणजे तुमची एक पूर्ण सुट्टी जाते. बाणेरला राहणाऱ्या उमेदवाराला ते 'अर्ध्या तासाचं काम' असतं आणि रिक्रूटरच्या डोळ्यासमोर तोच उमेदवार असतो. म्हणून सांगावं लागतं: 'मी सोलापूरहून येणार आहे, प्रत्यक्षातले सगळे राऊंड एकाच दिवशी ठेवा आणि माणसं हजर असल्याची खात्री आदल्या संध्याकाळी द्या.'

प्रवासखर्च मोठ्या पदांना न मागता देतात, आपल्याला मागावा लागतो. मागा. नाही म्हणतील, एवढंच. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे, पण तिचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढायचं असेल तर हुतात्मा किंवा एसटी पुरे. पोटभर खाऊनच आत जा. माझ्यासारखं डबा बॅगेत ठेवून ताटकळू नका.

किती वेळ थांबायचं? पाऊण तास. त्यानंतर रिसेप्शनवर सांगून रिक्रूटरला फोन करा, नक्की वेळ विचारा. मी दोन तास दहा मिनिटं थांबले आणि एकदाही उठून विचारलं नाही, याची मला अजून खंत आहे.

इंग्रजीत अडखळायला होतं. त्यामुळे काढतात का?

आमच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी होती, कन्नड बोलणारी होती, उर्दू बोलणारी होती, आणि मधल्या सुट्टीत सगळे मराठीत भांडायचे. सोलापूरच्या पोराला तीन भाषा दूध पितानाच येतात. चौथी अडखळते म्हणून ते पोर कमी बुद्धीचं होत नाही. हे आधी स्वतःला पटवा, कारण मुलाखतीत इंग्रजीपेक्षा इंग्रजीची भीती जास्त दिसते.

बाकी उपाय साधे आहेत. प्रश्न ऐकल्यावर तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, 'तुम्हाला असं विचारायचं आहे ना?' त्याने विचार करायला वेळही मिळतो आणि गैरसमजही टळतो. लहान वाक्यं. स्वतःबद्दल सांगायचं दीड मिनिटाचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून दहा वेळा ऐकायचं. आणि आपण केलेल्या एका कामाची गोष्ट पूर्ण तयार ठेवायची: अडचण काय होती, आपण काय केलं, त्याने किती फरक पडला, आकड्यासकट. 'टीमने केलं' असं म्हणत राहू नका. आपल्याकडे स्वतःचं सांगायला लाज वाटते, तिथे मात्र 'मी' म्हणावंच लागतं.

काही मुलाखतकार मात्र उच्चारांवरून हसतात. तिथे काम करायला मिळालं नाही तर बरंच झालं.

'कळवतो' म्हणाले. किती दिवस वाट बघू?

त्यांनी सांगितलेल्या तारखेनंतर दोन कामाचे दिवस. मग एक मेल. त्यानंतर आठवड्याने दुसरा, त्यात हायरिंग मॅनेजरलाही घ्या. दुसऱ्यालाही उत्तर नाही तर तो नकार समजून वहीत रेघ मारा. तिसरा मेल करू नका. मी केला होता.

मेल चार ओळींचा असावा. कुठल्या जागेसाठी, कोणत्या तारखेला बोलणं झालं, निकाल कधी कळेल, आणि दुसरीकडे बोलणी चालू असतील तर तेही. शेवटची ओळ खोटी लिहू नका, खरी असेल तर जरूर लिहा. कधी कधी तेवढ्यानेच चक्रं हलतात.

उत्तर न येण्याची कारणं बहुतेक वेळा तुमच्याबद्दलची नसतात. भरती थांबवली जाते, आतलाच माणूस त्या जागेवर बसवला जातो, रिक्रूटर सोडून जाते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. अशी बातमी आली की बाकीच्या कंपन्याही हात आखडता घेतात आणि मधल्यामध्ये लटकलेल्या उमेदवारांना कुणी कळवत नाही. कळवायला हवं. दोन ओळींच्या मेलला पैसे पडत नाहीत. सात राऊंड घेतलेल्या माणसाला नकारसुद्धा न कळवणं हा अपमान आहे, आणि तो अपमान वाटला तर तुम्ही हळवे आहात असं कुणाला म्हणू देऊ नका.

नाकारल्याचं कारण विचारावं का?

विचारावं, एकदा. 'पुढच्या वेळी काय सुधारू?' असं विचारलं तर क्वचित खरं उत्तर मिळतं. 'फिट नाही' एवढंच आलं तर त्यावर रात्र जागवू नका.

लग्न कधी करणार, असं विचारतात. काय सांगू?

मला तीनदा विचारलं गेलंय. एकदा तर 'सोलापूरचे लोक मुलींना पुण्यात ठेवतात का?' असं. मी आता एवढंच म्हणते: 'या कामाला किती तास आणि कुठून काम करावं लागेल ते सांगा, मी ते करू शकते का ते लगेच सांगते.' बहुतेक जण तिथे थांबतात. न थांबणाऱ्याचं नाव आणि प्रश्न त्याच दिवशी लिहून ठेवा आणि एचआरला कळवा. मुलांना कुणी हे विचारत नाही.

पॅकेज सहा लाख म्हणजे महिन्याला पन्नास हजार ना?

नाही, आणि यावरून घरोघरी गैरसमज होतात. सहा लाख ही सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. समजा त्यातले ६० हजार व्हेरिएबल आहेत, म्हणजे मिळाले तर मिळाले. मूळ पगार महिना २५ हजार धरला तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी महिना ३ हजार, वर्षाचे ३६ हजार, तेही त्या सहा लाखांतच धरलेले असतात. ग्रॅच्युइटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्क्यांनी वर्षाला साधारण १४ हजार ४०० रुपये. ती सहसा पाच वर्षं सलग काम केल्याशिवाय हातात येत नाही. राहिले ४ लाख ८९ हजारांच्या आसपास, महिना ४० हजार ८००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ३ हजार आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साडेसदतीस हजार. विम्याचे पैसेही काही कंपन्या यातच धरतात.

म्हणून ऑफर आली की पगाराची फोड लेखी मागा आणि 'इनहँड किती' हे फोनवर नाही, मेलवर विचारा. पुण्यात कॉटबेसिसवर राहायचं तर त्याचं भाडं, डिपॉझिट आणि मेस याच साडेसदतीस हजारांतून जाणार आहे.

तोंडी 'तुमचं सिलेक्शन झालं' म्हणाले. राजीनामा देऊ?

अजिबात नाही. सहीचं ऑफर लेटर हातात येऊ द्या. लेटर ऑफ इंटेंट हा नुसता इरादा असतो, त्यात 'अमुक तपासणीनंतर' अशा अटी असतात. पगार, पद, जॉइनिंगची तारीख, कामाचं ठिकाण हे सगळं ऑफर लेटरवर असेल तेव्हाच राजीनामा. ओळखीतल्या एकाने तोंडी शब्दावर राजीनामा दिला, तिकडची जागा रद्द झाली. पाच महिने तो वडिलांच्या टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहीत होता.

दोन वर्षांचा बाँड आणि मूळ मार्कशीट मागतात.

मूळ कागद कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या. बाँडचं थोडं नीट समजून घ्या. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायचं नाही ही अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. पण ठरलेली मुदत पुरी केली नाही तर भरपाई द्या, ही अट वेगळी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची अशीच अट, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख, वैध ठरवली. तेव्हा 'बाँड काय, कुणी विचारत नाही' असं सांगणाऱ्या मित्राचं ऐकू नका. रक्कम वाचा, वकिलाला दाखवा, मग सही करा.

नोकरी पक्की करायला 'ट्रेनिंग डिपॉझिट' मागितलं तर?

ती फसवणूक आहे, कितीही मोठ्या कंपनीचं नाव लेटरवर असलं तरी. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. हा आकडा आपल्याला वेगळा पाठ करायला नको, इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला ते वर्ष आहे.

मुलाखतीत एआयची मदत घेतली तर काय बिघडलं?

परवानगी विचारून घेतली तर काहीच नाही. लपून घेतली तर कळतं. डोळे एका बाजूला सरकतात आणि उत्तर वाचल्यासारखं सपाट येतं. या लपवाछपवीमुळेच कंपन्या पुन्हा प्रत्यक्ष राऊंड वाढवू लागल्यात, आणि त्याचा भार हिंजवडीच्या पोरावर नाही, आपल्यावर पडतो.

घरचे रोज विचारतात, 'काय झालं?' काय सांगू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा रात्री अकरानंतर येतो.

माझे पप्पा यंत्रमागाच्या कारखान्यात होते. त्यांच्या कामात शनिवारी हिशोब व्हायचा, किती वार कापड निघालं ते दिसायचं, तेवढे पैसे हातात पडायचे. सात वेळा बोलावतात आणि सांगत काहीच नाहीत, हे त्यांना कळेना. त्यांना वाटलं मी काहीतरी लपवतेय. शेजारची मैत्रीण रस्त्यात भेटली की, 'अजून इंटरव्ह्यूच देऊलालीस का?' मी दोन महिने घरात नीट बोलत नव्हते.

मग एके रविवारी मी कागदावर सातही राऊंड लिहिले, तारखा टाकल्या, प्रत्येकापुढे काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते लिहिलं, आणि तो कागद पप्पांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. म्हणाले, 'म्हणजे माल पसंत होता, गिऱ्हाईकाकडेच पैसे नव्हते.' त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही, उलट आत्याने विचारलं तर तेच उत्तर द्यायचे.

तुम्हीही तसा कागद करा. घरच्यांसाठी आणि स्वतःसाठी. वाट बघण्याच्या दिवसांत एकाच कंपनीवर बसून राहू नका, अर्ज चालू ठेवा, संध्याकाळी कंबर तलावावर चालायला जा. झोप उडाली, जेवण तुटलं असं दोन आठवड्यांच्या वर चाललं तर डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर आहे, ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

त्या कंपनीने पुन्हा बोलावलं तर जाल का?

बोलावलं. आठ महिन्यांनी, नव्या रिक्रूटरचा मेल आला, तीच जागा, तेच वर्णन. माझे सात राऊंड त्यांच्या सिस्टिममध्ये कुठेच दिसत नव्हते. मी मेलवर वर सांगितलेले तीन प्रश्न आणि पगाराची रेंज विचारली, आणि आधीच्या राऊंडच्या तारखाही पाठवल्या. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तिने आधी माफी मागितली, मग एकेक उत्तर दिलं: चार राऊंड, निर्णय मॅनेजरचा, बजेट मार्चपर्यंत. पगाराचा आकडा माझ्या चालू पगाराहून कमी होता. मी आभार मानले आणि नाही म्हणून सांगितलं. नऊ मिनिटांचा फोन झाला.